वर्षाला एक वीत

आमच्या आबांच्या बांधाची गोष्ट एकदा हैदराबादच्या मोठ्या साहेबांपर्यंत जायची होती. ती थोडक्यात हुकली, आणि हुकली ते बरंच झालं. या वयात आता कुणाची लाज धरायची, असं मी स्वतःला बजावत असते. पण कुणी सहज जरी बांधाचा विषय काढला तरी माझी मान आपली खाली जाते. नातवंडं हसतात. हसू देत.

आबा म्हणजे माझे वडील. अंगानं दणकट, बोलायला मोजके, गावात मान असलेले. भंडाऱ्याच्या पंगतीत पहिली पत्रावळ त्यांच्यापुढं पडायची. आमचं गाव येडशीच्या स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर, बालाघाटाच्या डोंगराखाली. अमदानी निजामाची होती. तिकडं परमुलखात दुसरी मोठी लढाई चालली होती आणि इकडं रॉकेल मिळत नव्हतं, लेव्हीच्या, म्हणजे सरकारला सक्तीनं घालायच्या, धान्यासाठी शिपाई कणगीत काठ्या खुपसून बघत होते. माझं लग्न नुकतंच झालेलं. सासर शिवेपलीकडच्या गावात, आणि सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, आबांची धाकटी बहीण. आमच्याकडं मामाची पोर भाच्याला करतात, त्यात नवल काही नव्हतं. लग्नानंतर मी तिला अहो-जाहो करायला लागले, पण मनातली आत्या काही सासू झाली नाही. सासरे कधीच गेलेले. नवरा येडशीला रेल्वेत कामाला, सवड मिळाली की यायचा. घरात आम्ही दोघीच.

आत्याच्या लग्नात आजोबांनी तिला चोळी-बांगडीसाठी म्हणून आपल्याच रानातला एक तुकडा तोडून दिला होता. कागद नाही, शिक्का नाही, चार माणसांसमोर दिलेला शब्द. वर माळाच्या कडेला एक दगड रोवला, खाली ओढ्याच्या कडेला दुसरा. दोन्हींच्या मधे मोटेचा नाडा, म्हणजे जाड दोर, ताणला आणि नाड्याखाली बांध घातला. एका अंगाला आबांचं रान, दुसऱ्या अंगाला आत्याचं. तो बांध किती सरळ होता याचं म्हाताऱ्या माणसांना फार कौतुक होतं. वरून बघितलं की खालचा दगड दिसायचा म्हणे.

एका हिवाळ्यात जमिनीखालून आवाज यायला लागला. जात्यावर कुणी जाड दळतंय तसा, लांबून. पहिल्यांदा सगळे म्हणाले, तेरखेड्यात दारू उडाली असेल; तिथं घरोघर फटाके वळतात, तेव्हा आमच्याकडं कुठलाही धडाका ऐकला की तो तेरखेड्याच्या नावावर जमा व्हायचा. पण तेरखेड्याहून आलेल्या माणसानं सांगितलं, आमच्याकडं काही उडालं नाही, आम्हीच तुमच्याकडं काय झालं म्हणून विचारतोय.

भेग तर आधीच पडलेली होती. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, एवढी की म्हशीचा पाय अडकावा. आणि पाऊस पडला की मिटते. त्यामुळं भेगेकडं बघायची आम्हाला सवयच नाही. ही भेग पावसाळा उलटला तरी मिटली नाही. माळाचा मुरूम जिथं संपतो आणि काळी माती जिथं सुरू होते, बरोबर त्या कडेनं ती आबांच्या रानातून आली होती, बांधाखालून आत्याच्या रानात शिरली होती, आणि तिथून वळून आबांच्या गावच्या पांढरीकडं, म्हणजे थेट घरांच्या दिशेनं गेली होती.

उन्हाळ्यात महसुलाचे गिरदावर एका तरुण साहेबाला घेऊन आले. हा साहेब जमिनीच्या पोटातलं शिकलेला होता. काडीसारखा बारीक, खाकी कपडे, आणि खिशात सतत गूळ-फुटाणे. लोकांना आधी वाटलं, ही लेव्हीची नवी तऱ्हा आहे. त्यामुळं जो तो आपलं रान किती लहान आहे तेच सांगायला लागला. साहेबाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं आत्याच्या रानात तंबू ठोकला, भेगेवर आडवा चर खणून घेतला आणि दिवसभर त्यात उतरून मातीचे थर बघत बसला. त्याला भाकरी पोचवायचं काम माझ्याकडं आलं. त्याची उर्दू मला कळायची, माझी मराठी त्याला कळायची, आणि ऐकणारं कुणीतरी मिळालं याचाच त्याला आनंद होता.

त्यानं मला समजावून सांगितलं ते असं. भेगेच्या दोन अंगांची जमीन एकमेकींना घासून सरकते. किती सरकली ते कळायला पाहिजे, आणि किती वर्षांत सरकली तेही कळायला पाहिजे. नाहीतर पुढं काय होईल ते सांगता येत नाही. त्यासाठी माणसानं बांधलेली एखादी सरळ वस्तू लागते. भिंत, पाट, रस्ता, काहीही. पण ती बांधली कधी ते माहीत असलं पाहिजे आणि भेग तिच्या आरपार गेलेली असली पाहिजे. अशी वस्तू सापडणं हे नशिबाचं काम, आणि ती त्याला आमच्या रानात सापडली होती. तो बांध. वरच्या दगडापासून भेगेपर्यंत सुतात सरळ; भेगेपाशी आल्यावर एकदम आत्याच्या अंगाला वळून, बैलांसकट गाडी आडवी उभी राहील एवढा बाजूला जाऊन, मग पुन्हा सरळ खाली. खालचा दगडसुद्धा तेवढाच बाजूला. असं चित्र आपण पुस्तकातच बघितलं होतं, असं साहेब म्हणाला. बोलताना त्याचे डोळे चमकत होते.

बांध घातला कधी, हे विचारायला तो आमच्या घरी आला. आत्यानं आपलं लग्न, मग दुष्काळ, मग माझ्या नवऱ्याचा जन्म असा मागचा-पुढचा हिशोब सांगितला. साहेबानं मनातल्या मनात भागाकार केला आणि हाताचा अंगठा आणि करंगळी ताणून मला दाखवली. वर्षाला साधारण एक वीत, म्हणाला.

तो हात बघितला आणि मला आबांचा हात आठवला. मी लहानपणी आबांना रानात भाकरी घेऊन जायची. नांगरणी संपत आली की आबा बांधाला लागून शेवटचं तास घालायचे; तास म्हणजे नांगराची एक ओळ. ते घालण्याआधी बांधाच्या मुळाशी खाली बसून हात टेकवून वीत मोजायचे, आणि नांगर झाल्यावर निघालेली माती खोऱ्यानं पलीकडच्या अंगाला ओढून बांध नीट बसवायचे. मला वाटायचं, बांध दुरुस्त करताहेत. किती नीटस माणूस, असंही वाटायचं. माळाकडच्या मुरमात ते कधी हे करत नसत. तिथं दगडगोटेच, ती जमीन घेऊन करायचं काय? काळी माती लागली की तिथून खाली.

म्हणजे साहेबानं जमिनीची चाल म्हणून जी मोजली होती ती माझ्या बापाच्या लोभाची चाल होती. ती इतकी एकसारखी होती की शिकलेल्या माणसालाही ती निसर्गाची वाटली. सख्ख्या बहिणीच्या चोळी-बांगडीतून वर्षाला एक वीत. आणि त्या बहिणीच्या घरात मी सून म्हणून रोज जेवत होते. साहेब पुढं बरंच काही बोलत होता, पण मला ते ऐकू येईना. आत्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर लाज घरातल्या घरात राहिली असती. पण साहेब भेगेच्या मागोमाग आबांच्या गावात गेला. गावाच्या तोंडाशी जुनी दगडी विहीर आहे. भेग तिच्या भिंतीतून आरपार गेलेली, पण दगड जागचा हललेला नाही. हे बघून साहेबाचा चेहरा उतरला. त्यानं गावकऱ्यांना मोटेचं उदाहरण दिलं. नाडा चाकात अडकला, पण बैल चालतच राहिले, तर काय होतं? ताण भरत जातो. मग नाडा सुटतो तेव्हा एकदम हिसका बसतो, आणि जेवढा वेळ अडकला तेवढा हिसका मोठा. रानात जमीन वर्षाला वीतभर सरकते आहे, आणि गावाखाली ती इतकी वर्षं अडकून बसली आहे. रानातल्या सगळ्या विती गावाखाली साठलेल्या आहेत. ज्या दिवशी सुटतील त्या दिवशी एकदम सुटतील. तुमची घरं माळवदाची, डोक्यावर एवढी माती. पावसाळ्याच्या आत गाव माळावर हलवा, असं त्यानं सांगितलं. गिरदावरांनी ते मराठीत सांगितलं.

गाव घाबरलं. घाबरण्यासारखंच होतं; आवाज तर सगळ्यांनीच ऐकला होता. लोकांनी अंगणात बाजा टाकल्या. कुंभारानं तर माळवदाची माती खाली ओढून तुळया उतरवायला घेतल्या. एकदा माळवद उतरवलं की पावसाच्या आत ते पुन्हा चढत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. बाकीचे कुंभाराकडं बघत होते आणि पाटलाकडं बघत होते.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्यांच्या गावात बांध असा का वाकतो हे एकालाही कळलं नाही? कळलं की. सगळ्यांना कळलं असणार. पण बांधाचा विषय काढला की प्रत्येकाचाच बांध निघतो. कुणाचा भाऊ, कुणाची भावजय, कुणाचा महारवतनाला लागून असलेला तुकडा. कोरला नाही असा बांध आमच्या शिवारात शोधावा लागला असता. तेव्हा आख्खं गाव घरं मोडून माळावर जायला तयार झालं, पण बांधाबद्दल तोंड उघडायला कुणी तयार होईना. आजही हे आठवलं की मला आधी हसू येतं. मग आठवतं की त्या सगळ्यांच्या पुढं आबा होते, आणि हसू जिरतं.

मी आत्याशी बोलायचं ठरवलं. ती ज्वारी पाखडत होती. मी समोर बसले आणि कसंबसं म्हटलं, "आत्या, त्यो बांध..."

"मला ठावं हाय," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "पयल्या सालापासनं ठावं हाय."

मी विचारलं, मग तुम्ही इतकी वर्षं बोलला का नाहीत. तिनं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "बोलले असते तर वीतभर जमीन राहिली असती. पंचमीला न्यायला कोन आलं असतं?"

आबा दर नागपंचमीला तिला माहेरी न्यायला यायचे, हे खरंच होतं. मुराळी म्हणून दुसऱ्या कुणाला कधी पाठवलं नाही. अंगात ताप असतानाही एकदा आले होते. बहिणीला झोक्यावर बसवून स्वतः झोका द्यायचे, तिची आवडती पुरणाची दिंडं आईला सांगून करवून घ्यायचे, आणि ती निघाली की वेशीपर्यंत डोळे पुसत यायचे. आणि मग नांगरणीच्या दिवसांत तिचीच जमीन वीतभर खायचे. एकाच माणसात ही दोन्ही कशी मावतात ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही.

मग मी तडक माहेरी गेले. आबा ओट्यावर दोरखंड वळत बसले होते. मी त्यांच्यापुढं कधी मोठ्यानं बोलले नव्हते, पण त्या दिवशी माझा आवाज चढला. म्हटलं, कुंभाराचं घर मोडलं, आता आणखी मोडतील, तुम्ही साहेबाला खरं काय ते सांगा. आबांनी हातातला दोर खाली ठेवला नाही.

"साहेब एवढा शिकल्याला. त्यो म्हनतोय जमीन हालली, तर हालली आसंल," ते म्हणाले. "आपन अडान्यांनी मधी का बोलायचं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी मार खाल्ला असता तरी चाललं असतं, पण हे वाक्य सोसवेना. मी पाणी न पिता तिथून उठले. माहेरच्या दारातून पाणी न पिता निघालेली मी पहिलीच असेन.

गाव हलवायचं की नाही हे ठरवायला मारुतीच्या देवळापुढं बैठक बसली. साहेबाला आपल्या कामाचा पक्का पुरावा पाहिजे होता, म्हणून त्यानं आत्याला बोलावून घेतलं. जमीन तिची, बांध तिच्या लग्नातला. तिनं तो सरकताना बघितला असेल तर त्याहून मोठी साक्ष कुठली? आत्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून खांबापाशी उभी राहिली, मी तिच्या मागं. आबा पाटलाच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर. गिरदावरांनी विचारलं, बाई, हा बांध सरकताना तुम्ही बघितलाय का?

मला वाटलं, आता ही बोलणार. मला तेच पाहिजे होतं, हे मी लपवत नाही. आबांची मान एकदा सगळ्यांदेखत खाली जावी असं मला मनापासून वाटत होतं.

"व्हय," आत्या म्हणाली. "म्या डोळ्यानं बघितलाय. दर सालाला आपोआप सरकतो. माझा दादा बिचारा त्याला सरळ करायला बघतो, पर जमीन ऐकत न्हाय."

ती हे टोमणा म्हणून बोलली नाही. तिच्या आवाजात टोमणा असता तर आबांनी तो गिळला असता. तेवढं निबर त्यांचं मन होतं. तिनं भावाला वाचवायला भर देवळापुढं, मारुतीकडं तोंड करून, खोटं सांगितलं होतं. साहेब हैदराबादला पाठवायच्या कागदावर भराभर लिहून घ्यायला लागला. पाटील म्हणाले, मग ठरलं म्हणायचं, उद्यापासून माळावर जागा आखू.

आबा उठले. उठताना पागोटं डोक्यावरून काढून त्यांनी हातात घेतलं. आबांना उघड्या डोक्यानं चारचौघांत मी तोवर कधी बघितलं नव्हतं.

"साहेब, जमीन हालली न्हाय," ते म्हणाले. "म्या हालीवली. दर नांगरटीला वीतभर. दगूड बी म्याच उचलून ठिवला."

गिरदावर ते सांगायला तयार होईनात. साहेबानं दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी खाली बघत ते उर्दूत सांगितलं. साहेबाला आधी कळेचना. मग कळलं, तसे त्याचे कान लाल झाले. त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि विचारलं, मग शेजारच्या रानांतले दोन बांध वाकलेत ते? पुरावा म्हणून तेही त्यानं मोजून ठेवले होते. सगळं गाव जमिनीकडं बघत होतं, आणि एकदोघं तर हळूच उठून चालायला लागले.

मला वाटलं होतं की आबांची मान खाली गेली की मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. उघड्या डोक्याचा माझा बाप भर बैठकीत उभा होता आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आत्या रडत होती. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो सोडवून घेतला.

साहेब माणूस म्हणून चांगला निघाला. तो चिडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं विहिरीतला दगड न् दगड पुन्हा बघितला आणि लोकांना सांगितलं की आता माझ्याजवळ मोजायला काही उरलं नाही. भेग खरी आहे, आवाज खरे आहेत. पण चाल केवढी ते मला सांगता येत नाही. आपल्या आयुष्यात दिसणार नाही इतकी ती धीमी असेल. उद्या हलेल की हजार वर्षांनी, हे मी सांगितलं तर ते खोटं होईल. फक्त माळवदावर दरसाल नवी माती चढवू नका, डोक्यावरचं ओझं कमी करा. हे त्याचं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. तो आता गावाच्या तोंडी ‘बांधाचा साहेब’ झाला होता. पुढं कितीएक वर्षांनी जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगाला खरोखरच जमीन हलली आणि मातीच्या घरांखाली माणसं गेली, तेव्हा मला पहिल्यांदा तोच आठवला. आमच्या भेगेचा त्याच्याशी संबंध नसेल. पण डोक्यावरच्या ओझ्याचं तो बरोबर सांगत होता आणि आम्ही त्याला हसलो होतो.

आबांनी कुंभाराच्या तुळया स्वतः राबून पुन्हा चढवून दिल्या. बांध सरळ करायला ते एकटेच आले. वरच्या दगडाला नाडा बांधला, खालचा दगड जुन्या खुणेवर रोवला आणि दिवसभर माती ओढली. आत्या घरातच बसून राहिली. मी लांबून बघितलं. आबांनी आमच्या घराकडं एकदाही तोंड केलं नाही.

श्रावण आला. पंचमीच्या सकाळी आत्यानं डोक्यावरून पाणी घेतलं, हिरवं लुगडं नेसली, गाठोडं बांधलं आणि ओट्यावर येऊन बसली. मीही तयार होऊन बसले. वाटेनं इतरांचे मुराळी आले आणि आपापल्या लेकी-बहिणी घेऊन गेले. ऊन चढलं. मी म्हटलं, आत्या, शीव ओलांडली की गाव. आपणच जाऊ चालत. ती म्हणाली, न्यायला आल्याबिगर जात नसतात. दुपार कलल्यावर तिनं गाठोडं सोडलं आणि लुगडं घडी करून ठेवलं. जमीन तिची तिला सगळी परत मिळाली होती. मीच तर त्यासाठी जीव टाकत होते. त्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसून स्वतःला काय काय म्हणून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही.

वर्षभर आबा आले नाहीत. मी माहेरी गेले की ते रानात निघून जायचे.

पुढच्या श्रावणात, पंचमीच्या चार दिवस आधी, आत्या मला खोरं घेऊन रानात चल म्हणाली. रब्बीचं रान, मोकळंच होतं. ती बांधाच्या मुळाशी खाली बसली, आपल्या अंगाला हात टेकवून वीत मोजली, आणि मला म्हणाली, एवढा आत घ्यायचा. मी म्हटलं, आत म्हणजे आपल्या रानात? जमीन त्यांना जाईल. ती म्हणाली, तू माती ओढ. आम्ही दोघींनी बांधाच्या तोंडाकडचा तुकडा आपल्या रानात वीतभर सरकवला. माझ्या हाताला फोड आले. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

पंचमीच्या सकाळी तिनं गुराख्याबरोबर आबांना निरोप पाठवला, बांध सरकलाय, आत्ताच्या आत्ता या.

आबा खांद्यावर खोरं टाकून आले, जवळजवळ धावतच. वर्षात पार वाळून गेले होते. त्यांनी बांध बघितला, आमच्याकडं बघितलं, आणि खोरं खांद्यावरून खाली ठेवलं.

"बाई, ह्यो म्या न्हाय केला," ते म्हणाले.

"म्हाइती हाय. म्या केला."

आबा पुन्हा बांधाकडं बघायला लागले. तिनं तो भावाच्या नाही, स्वतःच्याच रानात आत घेतलाय हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी घाईघाईनं खोरं उचललं.

"दादा, आज पंचमी हाय," आत्या म्हणाली. "आज मातीला लोखंड लावत न्हायत."

आबांनी खोरं खाली घेतलं. ते पुटपुटले, मग उद्या येतो. आत्या म्हणाली, उद्या कशाला, पुढल्या पंचमीला या. आणि तिनं बाभळीखाली आधीच आणून ठेवलेलं गाठोडं उचललं.

आबा असेपर्यंत तो बांध असाच चालला. दर श्रावणात आत्या आपल्या रानात वीतभर आत यायची, दर पंचमीला आबा तो सरळ करायला यायचे, आणि दर पंचमीला मातीला लोखंड लावता यायचं नाही. साहेब परत मोजायला आला असता तर त्याला चाल तीच मिळाली असती, वर्षाला एक वीत, त्याच अंगाला, फक्त हात आता आत्याचे. माझ्या मुलांनी बांधाचं विचारलं तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी बांध आहे तसा राहू दिला.

त्या पहिल्या पंचमीला आम्ही तिघं शिवेकडं चालत निघालो. आबा पुढं, मधे आत्या, मागं मी. आबांच्या खोऱ्याला माती लागलेली नव्हती. त्यांनी पागोटं इतकं खाली ओढलं होतं की त्यांचे डोळे दिसत नव्हते. शीव ओलांडली. मग आत्यानं मागून विचारलं, "दादा, झोका बांधलाय का?"

आबा थांबले. त्यांनी मागं न बघता मान हलवली. नाही, बांधला नव्हता.